पोरगं नर्सिंगला जायचं म्हणतंय

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळच्या गावातून एका वडिलांनी लिहिलं आहे. ते शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. मार्क बरे आहेत, पण एमबीबीएसला लागतील एवढे नीटला नाहीत. घरच्यांनी बी.फार्म किंवा डिप्लोमा असं धरून ठेवलं होतं. मुलानं मात्र परस्पर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आणि आता प्रवेशही तिथंच घेणार म्हणतो. तो अकरावीत असताना आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांचं सगळं यानंच केलं: कूस बदलणं, अंग पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. त्याची वहीही ठेवली होती. वडिलांनी त्यातल्या ओळी पत्रात उतरवल्या आहेत: "पहाटे ४, डावी कूस. लघवी ३०० मिली, रंग गडद. पेज अर्धी वाटी, ठसका लागला." पुढं ते लिहितात, "आबांचं त्यानं जेवढं केलं तेवढं मी पोटचा पोरगा असून केलं नाही. गल्ली अजून नाव काढते. पण म्हणून जन्मभर तेच करायचं?" पुतण्या फौजेत आहे, त्याच्याकडं बघून तरी शिकावं, असंही त्यांना वाटतं. मेहुणे घरी येऊन म्हणाले, "पोरगं काय सिस्टर होणार व्हय?" त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. वडिलांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. बायकांच्या क्षेत्रात पोरगं टिकेल का? बायकांच्या वॉर्डात तो काय करणार? पगाराचं काय? आणि उद्या त्याला मुलगी कोण देणार?

दादा, नमस्कार.

वहीतल्या त्या ओळी तुम्ही बहुधा सहज उतरवल्या असतील. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. माझी सगळी नोकरी नर्सिंग शिकवण्यात गेली, म्हणून सांगते. ३०० मिली सगळेच लिहितात, कारण भांड्यावर आकडे असतात. "रंग गडद" आणि "ठसका लागला" हे लिहून घ्यायला विद्यार्थ्यांच्या मागे किती लागावं लागतं ते मला विचारा. गडद म्हणजे अंगात पाणी कमी पडतंय. वारं गेलेल्या माणसाला पेजेचा ठसका लागतो म्हणजे गिळणं बिघडलंय, घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. वॉर्डात अशाच नोंदींचा, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा, इनटेक-आउटपुट चार्ट असतो आणि राउंडला आलेले डॉक्टर तो मागून घेऊन बघतात. तुमच्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला ते दिसलं, आणि दिसलेलं लिहून ठेवावं असं वाटलं.

आता तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. आबांचं केलं म्हणून गल्ली नाव काढते, हे एक. जन्मभर तेच करायचं का, हे दुसरं. काम तेच आहे. घरात फुकट केलं तेव्हा तुमची मान वर होती, पगार घेऊन करणार म्हटल्यावर खाली गेली. मग आक्षेप नेमका कशाला आहे? घाणीला असता तर तुम्ही तेव्हाच त्याला तिथून उठवलं असतं. कष्टाला तर नसणारच, भट्टीसमोर उभं राहून तुम्ही संसार केलाय. मला वाटतं, या कामाचं नाव घेतल्यावर समोरच्याच्या तोंडावर जे हसू येतं त्याला तुमचा आक्षेप आहे. ते हसू लागतं, हे मी नाकारत नाही. पण त्यापायी मुलाचं काय करायचं हे ठरवण्याआधी, पुरुष नर्सिंगला का जात नाहीत याची खरी कारणं बघू. त्यातली काही तुम्ही लिहिलेलीच नाहीत, आणि मला काळजी आहे ती त्यांची.

"पुरुषाला माणसाच्या अंगाचं करणं जमत नाही" असं कोल्हापुरात बसून कुणी म्हणावं याचंच मला नवल वाटतं. गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम आपल्याच गावातल्या. तिथं धाकटी पोरं थोरल्यांची अंगं रगडतात, मुरगळलेला खांदा वस्ताद हातानं चाचपून बघतो, घरापासून लांब राहणाऱ्या पोराला ताप भरला तर जोडीदारच त्याला उठवून बसवतो आणि दूध पाजतो. याला आपण मर्दानी म्हणतो. पेठेतल्या डॉक्टरांकडचे जुने कंपाउंडर तुम्हाला आठवत असतील. इंजेक्शन तोच द्यायचा, ड्रेसिंग तोच करायचा, गळू फोडताना पाय तोच धरायचा आणि मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टीही तोच चिकटवायचा. कंपाउंडरला कुणी बायकी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि पुतण्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. फौजेत बारावी सायन्सच्या मुलांसाठी नर्सिंग असिस्टंट म्हणून वेगळी भरती असते, आणि तिथं आजवर पुरुषच गेले आहेत. ही पोरं लष्करी रुग्णालयांत आणि युनिटमध्ये जखमा बांधतात, औषधं देतात, आजाऱ्यांचं बघतात. आपल्या भागात एखादं पोरगं त्या ट्रेडला लागलं तर वेशीत फटाके वाजतात. तुमच्या मुलानं ती परीक्षा काढली असती तर मेहुणे पेढ्याचा पुडा घेऊन आले असते.

मग नर्सिंग बायकांचं कधी झालं? फार जुनी गोष्ट नाही. युरोपात मठांमधले पुरुष आणि सैन्यातले पुरुष कित्येक शतकं रुग्णांचं करत होते. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेल्या, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावानं प्रशिक्षणशाळा निघाली, आणि बऱ्या घरच्या बाईला मानानं करता येईल अशी पगाराची नोकरी उभी राहिली. त्या काळी अशा नोकऱ्या बायकांना होत्याच कुठं? मोठं काम झालं ते. पण ते होताना पुरुष बाजूला पडले, आणि पुढं कायद्यानंही त्यांना बाजूलाच ठेवलं. इंग्लंडात १९१९ च्या कायद्यानं नर्सची नोंदणी सुरू झाली तेव्हा पुरुषांची यादी वेगळी होती. ती मुख्य यादीत मिळायला १९४९ उजाडलं. अमेरिकी सैन्याच्या नर्सिंग दलात पहिला पुरुष अधिकारी १९५५ मध्ये घेतला गेला. तिथल्याच मिसिसिपी राज्यात होगन नावाच्या माणसाला निव्वळ पुरुष म्हणून सरकारी नर्सिंग कॉलेजनं प्रवेश नाकारला; तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये जिंकला. म्हणजे पुरुषांना आवड नव्हती म्हणून ते आले नाहीत हे अर्धंच खरं आहे. बराच काळ दाराला आतून कडी होती.

आपल्याकडं तर आणखी एक पदर आहे. ब्रिटिश फौजेच्या रुग्णालयांसाठी प्रशिक्षित इंग्रज नर्सची पहिली तुकडी १८८८ साली मुंबईला उतरली. त्याआधी आजारी सोल्जरचं सगळं पुरुष ऑर्डर्लीच करायचे. नंतर मिशनची रुग्णालयं आली. आपल्या शेजारी मिरजेला डॉ. वानलेस यांनी १९व्या शतकाच्या शेवटी काढलेलं रुग्णालय तुम्हाला ठाऊकच आहे. त्या पिढीत आपल्या घरातल्या मुली तरी नर्सिंगला जात होत्या का? रक्त, मलमूत्र, परक्याचं अंग आणि कुठल्या जातीचा माणूस कॉटवर असेल याचा नेम नाही. म्हणून वरच्या म्हणवणाऱ्या घरांनी हे काम दूर ठेवलं. विधवा, परित्यक्ता, ख्रिस्ती मुली, गरिबाघरच्या मुली यांनी ते उचललं आणि त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. पुढं सरकारी पगार दिसला तशी तोंडं बंद झाली. आज तुमच्या मुलाला हसणारी माणसं हाच जुना विटाळ नव्या कपड्यात आणतायत.

हे काम निसर्गानंच बायकांना दिलंय असं अजूनही वाटत असेल तर राजस्थानकडं बघा. तिथं मुलगे मोठ्या संख्येनं नर्सिंगला जातात आणि देशभरच्या नर्सिंग भरतीच्या परीक्षांना बसतात. तिथल्या पुरुषांची हाडं वेगळी नाहीत. गावातला एक लागला, त्याला बघून दुसरा गेला, मग क्लास निघाले, मग रीत पडली. आपल्याकडं हे फौजेच्या भरतीच्या मैदानाबाबत झालं. एकूण जगात मात्र नर्सिंगमध्ये दहातल्या नऊ स्त्रियाच आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अहवाल सांगतो. तेव्हा मुलाच्या वर्गात मुलगे थोडेच असणार, याची त्यानं मनाची तयारी ठेवावी.

आता ज्या काळज्या तुम्ही करायला हव्यात, त्यांच्याकडं येते.

पहिली काळजी जागांची. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत, म्हणजे नॉर्सेटमध्ये, ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. सैन्यातली मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९४३ च्या अध्यादेशावर उभी आहे आणि तो लिहिला गेला स्त्रियांपुरता. म्हणजे फौजेत असिस्टंट पुरुष आणि अधिकारी बाई, अशी गंमत. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिकेचा, कोर्स मुलींचाच. आखातातल्या कितीतरी जाहिराती "फक्त महिला" म्हणतात. फीमध्येही फरक आहे. २०२४ पासून राज्य सरकारनं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली, मुलांना निम्मीच सवलत राहिली. थोडक्यात, तुमच्या मुलाला थोड्या जागांसाठी झगडायचं आहे आणि फी जास्त भरायची आहे. कमी पुरुष येण्याचं हे रोकडं कारण, आणि ते मेहुण्यांच्या टोमण्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

या ८०-२० बद्दल माझं मत विचाराल तर ते सरळ नाही. स्त्रियांच्या वॉर्डांना, प्रसूतिगृहांना बाईच हवी हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खेड्यातल्या गरीब घरच्या मुलीला स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या सरकारी नोकऱ्या मुळात मोजक्या. त्यात पुरुषांनी गर्दी केली तर त्या मुली कुठं जाणार, हाही प्रश्न मला पडतो. पण वॉर्डातले निम्मे पेशंट पुरुष असताना पुरुष नर्स पाचातला एकच का, याचंही चोख उत्तर मला कुणी दिलेलं नाही. असो. तुमच्या मुलानं यावर वाद घालत बसू नये. जाहिरात आली की एकूण जागांकडं बघू नये, आपल्या वाट्याच्या किती ते काढावं आणि तयारी त्या हिशेबानं करावी.

दुसरी काळजी पगाराची. केंद्रात नर्सिंग ऑफिसरची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ वर होते, म्हणजे मूळ पगार ४४,९००. राज्यात अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, पदाचा मूळ पगार ३५,४०० पासून. वर भत्ते. फौंड्रीत इतका पगार कितव्या वर्षी मिळाला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण हे सरकारी झालं. खासगीचं चित्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितल्यावरून नेमलेल्या समितीनं म्हटलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० द्यावेत, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्यावा. ही शिफारस कित्येक ठिकाणी कागदावरच राहिलीय. मुलगे या क्षेत्रात आले तरी निघून जातात, ते बहुतेक इथं. घर चालवायचं ओझं आपण मुलाच्या डोक्यावर लहानपणापासून ठेवतो, आणि खासगीतला पहिला पगार हातात आला की त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. मुलगी तेवढ्याच पगारावर राबते तेव्हा मात्र आपल्याला त्यात काही खटकत नाही, हेही इथं लिहून ठेवते.

म्हणून खासगीतली सुरुवातीची वर्षं शिकायची समजावीत. आयसीयू, डायलिसिस, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग, यातलं एक हाताखालून घालावं. शीर सापडत नाही अशा पेशंटची शीर ज्याला सापडते, त्याला कुठलंच हॉस्पिटल सोडत नाही. बी.एस्सी. नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जाता येतं. बाहेर जायचं असेल तर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सही आहेत. पण तिथं जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत यावी लागते आणि ती काही महिन्यांच्या घाईत येत नाही. एजंटला पैसे मोजण्यापेक्षा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून भाषा सुरू केलेली बरी.

आता बायकांच्या वॉर्डाचं. तुम्ही संकोचानं विचारलंय, मी स्पष्ट लिहिते. अभ्यासक्रमात प्रसूतीचं पोस्टिंग मुलांनाही असतं. तिथं पडदा, पेशंटची परवानगी आणि सोबत एक बाई कर्मचारी हे तीन नियम पाळले की काम होतं. आणि एखादी बाई नको म्हणाली तर मुलानं मुकाट्यानं बाहेर थांबायचं. पहिले काही दिवस त्याला आपण तिथं नकोसे आहोत असं वाटेल. प्रसूतीला पुरुष डॉक्टर चालतो आणि पुरुष नर्स चालत नाही, हा विरोधाभास त्याला रोज दिसेल. पुढं नोकरीत मात्र त्याला मुद्दाम पुरुषांच्या वॉर्डात, हाडांच्या वॉर्डात, मनोरुग्णांकडं, कॅज्युअल्टीत मागून घेतील. उचलाउचल आहे तिथं ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, हाक आधी जाते. यात थोडा अन्यायही आहे, त्याच्या पाठीचा कुणी विचार करत नाही.

आणि उलट बाजूही बघा ना. गगनबावड्याकडचा एक म्हातारा शेतकरी आमच्या विद्यार्थ्यांच्या वॉर्डात होता. पोट तट्ट फुगलेलं, लघवी अडलेली, आणि कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, ट्रे घेऊन आलेली मुलगी नातीच्या वयाची. तो चादर छातीपर्यंत ओढून भिंतीकडं तोंड करून पडला. "होतंय, होतंय, राहू दे पोरी," एवढंच म्हणत राहिला. कपाळावर घाम होता. वर्गातल्या एका मुलाला बोलावलं. त्यानं पडदा ओढला, "आजा, मी आहे" म्हणाला आणि काम झालं. म्हाताऱ्यानं नंतर त्याला डॉक्टरसाहेब म्हणायला सुरुवात केली. पुरुष म्हणजे डॉक्टर, बाई म्हणजे सिस्टर हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की लेडी डॉक्टरांनाही दिवसभर सिस्टर म्हणून घ्यावं लागतं. आपल्या दवाखान्यांत असे म्हातारे रोज येतात. त्यांच्या लाजेचा विचार कोण करणार?

इथवर मी तुमच्या मुलाची बाजू घेतली असं वाटेल. पण त्यालाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पत्र वाचणाऱ्या त्याच्या वयाच्या इतर मुलांनाही त्याच विचारते. एमबीबीएस हुकलं म्हणून दवाखान्याच्या आवारात राहण्याची ही पळवाट तर नाही ना? डॉक्टर व्हायचं राहिलं याची सल मनात ठेवून जो नर्सिंगला येतो, तो प्रत्येक राउंडला कुढतो. हे काम वेगळं आहे. डॉक्टर येऊन जातो, नर्स आठ तास तिथंच असते, आणि पेशंट बिघडतोय हे बहुतेक वेळा आधी तिला किंवा त्याला कळतं. दुसरं म्हणजे आबा हे आपले होते. त्यानं त्यांचं केलं त्यात माया होती. वॉर्डातला माणूस शिव्या देईल, दारू पिऊन पडलेला असेल, त्याचे नातेवाईक अंगावर धावून येतील. एकाच रात्री एकाच वेळी अनेकांचं करायचं असेल आणि त्यातला कुणी पहाटे जाईलही. मायेशिवाय तेवढंच नीट करता येईल का? याचं उत्तर त्याला आज पूर्ण देता येणार नाही, पण प्रश्न त्याच्या डोक्यात असावा.

उत्तराच्या जवळ जायचा एक रस्ता आहे आणि तो तुम्ही दोघांनी मिळून चालावा असं मला वाटतं. ओळखीपाळखीतून एखादा काम करणारा ब्रदर गाठा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातला असो की खासगीतला, पण कोल्हापुरातलाच. सकाळी नाईट सुटली की त्याला दसरा चौकात चहाला न्या. झोपेला आलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला विचारा: रात्री तुझ्या एकट्याकडं पेशंट किती असतात? पगार हातात किती येतो आणि वेळेवर येतो का? कायम आहेस की कंत्राटी? बायकांच्या वॉर्डात पहिल्यांदा गेलास तेव्हा काय झालं? पुन्हा बारावीला असतास तर हेच घेतलं असतंस का? तुम्ही विचारा, मुलाला ऐकू द्या. तो बोलताना तुम्ही मध्ये "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणू नका, एवढं पथ्य पाळा. बापलेकांचं बंद पडलेलं बोलणं अशा तिसऱ्या माणसासमोर सुरू व्हायला सोपं जातं.

कॉलेजचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. नर्सिंगच्या नावाखाली सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स चालवणारे फलक शहरात आणि तालुक्यांच्या गावांत दिसतात. त्यातून नर्स म्हणून नोंदणी होत नाही, पोरांचे पैसे आणि वर्ष दोन्ही जातात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची. कॉलेज भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या मान्यतेचं हवं, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं. प्रवेश शक्यतो राज्याच्या सीईटी सेलच्या फेरीतूनच घ्या, कारण महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून असते. कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघून परत येऊ नका. मुलांची पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असते, तिथं खाटा किती, आणि त्या भरलेल्या असतात का, हे विचारा. रिकाम्या कॉटवर नर्सिंग शिकता येत नाही. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणारं किंवा नोकरीच्या बॉण्डवर सही मागणारं कॉलेज दिसलं तर दुसरं बघा. मुलांचं वसतिगृह आहे का तेही बघा. बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत ते मुलींचंच असतं आणि मुलग्याच्या खोलीचं भाडं वेगळं धरावं लागतं.

बी.फार्म बद्दल तुम्ही अधूनमधून लिहिलंय. वाईट नाही ते. पण ज्या पोरानं पहाटे चारला उठून आबांची कूस बदलली, त्याला औषधांच्या खोक्यांत बसवून तो रमेल का हे तुम्हीच सांगा. डिप्लोमा करून तो शिरोलीलाच येणार असेल, तर तुम्हाला ते सोयीचं आहे, त्याला आहे का?

मेहुण्यांना उत्तर देत बसू नका. वयानं मोठे असतील तर "होय दाजी" म्हणा आणि चहा द्या. त्यांच्या घरात कुणाला सलाईन लावायची वेळ आली की तुमच्या दारात गाडी उभी राहील, आणि त्या वेळी मुलाला टोमणा परत करू देऊ नका.

राहता राहिली मुलगी कोण देणार ही गोष्ट. आजघडीला आपल्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, खासगी कंपनीतल्या पोराला मिळत नाही, आणि सरकारी नोकरी लागली की तोच मुलगा एका आठवड्यात पसंत पडतो. नर्सिंगवाल्या मुलाचंही याच तराजूत बसेल. नोंदणी झालेला, कायम नोकरीचा ब्रदर असेल तर पदाचं नाव कुणी विचारत नाही. शिवाय कित्येक जण बरोबरच्या नर्सशीच लग्न करतात. मग दोघांच्या नाईट एकाच आठवड्यात आल्या की पोरं सांभाळायला आजीआजोबांना बोलावणं येतं, म्हणजे तुम्हालाच. पण हे फार पुढचं. तो आत्ता अठराचा आहे आणि मुलाला एकवीसच्या आत कायदाच लग्न करू देत नाही. तोपर्यंत त्याची तीन वर्षं कॉलेजात गेलेली असतील.

आत्ताची घाई वेगळी आहे. जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास यातलं जे तुम्हाला लागू असेल ते तयार आहे का बघा. पडताळणीला वेळ लागतो आणि फेरी त्यासाठी थांबत नाही. सोमवारी फौंड्रीत अर्धा दिवस रजा टाका आणि त्याला बरोबर घेऊन तहसील कार्यालयात जा.